डेनिस रिची : सी भाषेचे जनक आणि युनिक्सचे शिल्पकार



तुमच्यापैकी बरेच जण पुढे कधीतरी सी भाषा शिकाल. काहींच्या ताई-दादांनी पॉलिटेक्निकला किंवा इंजिनिअरिंगला ती शिकलेली असेल. सी शिकायला सुरुवात केली की पहिल्या दिवशी सगळे एकच काम करतात. प्रिंटएफ असं लिहायचं, कंसात आपलं नाव टाकायचं आणि प्रोग्रॅम चालवायचा. पडद्यावर नाव उमटतं, आनंद होतो आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

पण ते नाव पडद्यापर्यंत नेलं कोणी, हा प्रश्न तुम्हाला पडलाय का? कारण गंमत अशी आहे की सी भाषेत पडद्यावर लिहिण्याची आज्ञाच नाही. फाइल उघडण्याची नाही, कीबोर्डवरचं अक्षर वाचण्याचीही नाही. भाषेत आहे ते बेरीज-वजाबाकी, तुलना, जर-तर, पुन्हा पुन्हा करण्याची सोय आणि फंक्शन बोलावण्याची सोय. प्रिंटएफ हे लायब्ररीतलं एक फंक्शन आहे. आणि या लायब्ररीलाही पडद्याला थेट हात लावायची परवानगी नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे विनंती करते. या विनंतीला म्हणतात सिस्टिम कॉल.

ही रचना ज्यांच्या हातून घडली, त्या डेनिस रिची यांच्या जीवनाची ओळख आज करून घेऊया. त्यांचं चरित्र समजून घेताना प्रिंटएफच्या पोटात काय चालतं तेही बघूया, कारण या माणसाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

बालपण आणि शिक्षण

डेनिस मॅकॅलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल इथे झाला. वडील ॲलिस्टर रिची हे बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. टेलिफोनचे कॉल एका तारेवरून दुसऱ्या तारेवर वळवणारी जी मंडलं असतात, त्यांच्या रचनेवरच्या एका प्रसिद्ध ग्रंथाचे ते सहलेखक. म्हणजे एकाची हाक दुसऱ्यापर्यंत पोचवायची कशी, हा विषय घरातच होता म्हणा ना!

डेनिस न्यू जर्सीतल्या समिट या गावी वाढले. हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे उपयोजित गणितात संशोधन सुरू केलं. पण मन ओढलं गेलं संगणकाकडे. आपण भौतिकशास्त्रज्ञ होण्याइतके हुशार नाही हे पदवी घेताना कळलं, आणि अल्गोरिदमच्या सिद्धांतातले तज्ज्ञ होण्याइतकेही नाही हे पुढच्या शिक्षणात कळलं, असं त्यांनी नंतर स्वतःबद्दल मिश्कीलपणे लिहिलं आहे. यातलं पहिलं वाक्य खरं असेल कदाचित, दुसरं मात्र मला तरी पटत नाही. कारण त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध १९६८ मध्ये लिहून तयार होता.

आणि तरीही त्यांना पीएच.डी. मिळाली नाही! नियम असा होता की प्रबंधाची बांधणी केलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करायची. ती त्यांनी केलीच नाही. सगळं काम झालं, शेवटची औपचारिकता तेवढी राहिली. ज्यांच्या नावावर पुढे संगणकाच्या जगातली सर्वात जास्त वापरली गेलेली लायब्ररी जोडली गेली, त्यांनी ग्रंथालयात एक प्रत दिली नाही म्हणून पदवी हुकली. तो प्रबंध कित्येक वर्षं कुणाच्या नजरेस पडला नव्हता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने तो लोकांसमोर आणला.

बेल लॅब्स आणि एक अडगळीतला संगणक

१९६७ मध्ये रिची वडिलांच्याच संस्थेत, बेल लॅब्समध्ये रुजू झाले. तिथे मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमचं काम चालू होतं. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स असे तिघे मिळून ते करत होते. काम लांबत गेलं, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं.

रिचींचे सहकारी केन थॉम्पसन यांनी तेव्हा कुणी फारसं वापरत नसलेला पीडीपी-७ हा छोटा संगणक शोधून काढला आणि त्यावर नवी, आटोपशीर ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. रिची सोबत होते. हीच पुढे युनिक्स झाली. दोघांचं जमायचंही विलक्षण. एकदा चुकून दोघांनीही एकच काम हाती घेतलं आणि वीस ओळींचा तोच प्रोग्रॅम वेगवेगळा बसून लिहिला. थॉम्पसन यांनी दोन्ही पडताळून पाहिले, तर अक्षर न अक्षर सारखं निघालं!

पुढे त्यांना पीडीपी-११ मिळाला. त्याची मेमरी होती फक्त २४ किलोबाइट. आज मोबाइलवरचा एखादा साधा फोटोही त्यात मावणार नाही. त्यातली निम्मी जागा ऑपरेटिंग सिस्टिमलाच लागायची. शिवाय या पहिल्या पीडीपी-११ मध्ये मेमरीचं संरक्षण नव्हतं. एखाद्याचा प्रोग्रॅम चुकला तर तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या जागेत शिरून तीही मोडू शकत होता आणि सगळ्यांचंच काम बंद पडायचं. नवा प्रोग्रॅम चालवून बघायचा म्हणजे धाडसच होतं. प्रोग्रॅमने कुठवर जायचं आणि कुठे थांबून विनंती करायची, ही सीमा कागदावर होती, यंत्रात नव्हती. नंतरच्या पीडीपी-११/४५ या संगणकात ती यंत्रातही आली. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो एका अवस्थेत चालणार आणि तुमचे-आमचे प्रोग्रॅम दुसऱ्या, कमी अधिकारांच्या अवस्थेत.

म्हणूनच ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख मला महत्त्वाची वाटते. त्या दिवशीची तारीख घातलेली युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका थॉम्पसन आणि रिची यांनी तयार केली. तिचे विभाग पाडलेले होते. पहिल्या विभागात माणसाने टाइप करायच्या आज्ञा, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात लायब्ररीतली फंक्शनं. (तेव्हा त्यांना सबरूटीन म्हणायचे.) कर्नल काय करणार आणि प्रोग्रॅमने आपलं आपण काय करायचं, ही वाटणी त्या दोन विभागांच्या मधल्या रेषेवर लिहिलेली आहे. सिस्टिम कॉल किती होते? चाळिशीच्याही आत. ओपन म्हणजे फाइल उघड, रीड म्हणजे वाच, राइट म्हणजे लिही, क्लोज म्हणजे बंद कर. नवी फाइल तयार करायचा कॉल होता क्रिएट, पण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगातलं शेवटचं ई त्यांनी गाळलं होतं. युनिक्स पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलाल, असं नंतर विचारल्यावर थॉम्पसन यांनी तेवढं एक ई घालीन असं सांगितलं. शुद्धलेखनाचे गुण कापले जातात म्हणून रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही!

सी भाषेचा जन्म

थॉम्पसन यांनी बीसीपीएल या ब्रिटिश भाषेवरून बी नावाची छोटी भाषा केली होती. तिच्यात सगळं काही एकाच मापाच्या शब्दात साठवलं जायचं. पीडीपी-११ मध्ये एकेका बाइटला हात घालता येत होता, तिथे बी अपुरी पडू लागली. रिचींनी तिच्यात प्रकार आणले. अक्षर वेगळं, पूर्णांक वेगळा. मग नवा कंपायलर लिहिला. १९७२ हे या कामाचं सर्वात भरघोस वर्ष. भाषेचं नाव पडलं सी. वाचन-लेखन भाषेत न घेता फंक्शनांवर सोडायचं ही पद्धत बीसीपीएलपासूनच चालत आलेली होती, रिचींनी ती तशीच ठेवली. हा त्यांचा समजूतदारपणा, कारण भाषा त्यामुळे लहान राहिली.

थॉम्पसन यांनी १९७२ मध्येच युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहून पाहिला, पण जमेना म्हणून सोडून दिला. रिचींनी मग भाषेत स्ट्रक्चरची सोय पक्की केली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून गाभा सीमध्ये लिहून काढला. तोपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिम म्हटली की ती सहसा त्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेतच लिहायची असा प्रघात होता.

आता प्रिंटएफच्या आत डोकावूया

समजा तुम्ही गुण ८५ अशी एक ओळ छापायला सांगितली. प्रिंटएफ तुमच्याच प्रोग्रॅमचा भाग बनून तुमच्याच मेमरीत चालतं. संगणकाच्या आत ८५ ही संख्या शून्य-एकच्या रूपात असते. प्रिंटएफ तिची आठ आणि पाच अशी दोन अक्षरं बनवतं, बाकीच्या मजकुरात बसवतं. इथवर कुणाचीच परवानगी लागत नाही.

तयार झालेली ओळ लगेच पाठवली जाईलच असं नाही. ती आधी बफर नावाच्या जागेत ठेवतात. का? समजा वर्गातल्या चाळीस वह्या शिक्षकांच्या खोलीत पोचवायच्या आहेत. प्रत्येक मुलाने आपापली वही घेऊन जायचं की मॉनिटरने गोळा करून एकदाच न्यायच्या? कर्नलकडे जायचं म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम जपून ठेवावं लागतं, अवस्था बदलावी लागते, परत आल्यावर सगळं पूर्ववत करावं लागतं. त्या काळी युनिक्समध्ये डिस्कचा एक ठोकळा ५१२ बाइटचा असे. एकेक अक्षर पाठवलं तर ५१२ फेऱ्या, बफर भरून पाठवला तर एक फेरी. वाचतानाही तसंच. गेटचार हे फंक्शन तुम्हाला एकच अक्षर देतं, पण लायब्ररीने आतून रीड हा कॉल करून मोठा घास आधीच आणून ठेवलेला असतो.

बफर भरला, किंवा पडद्यावर लिहिताना ओळ संपली, की लायब्ररी राइट बोलावते. तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कुठे लिहायचं (पडद्यासाठी १ हा क्रमांक), मजकूर मेमरीत कुठे आहे आणि किती बाइट आहेत. आता नीट लक्ष द्या. सीमध्ये राइटसुद्धा दिसायला साधं फंक्शनच आहे. पण त्याच्या आत असेंब्लीच्या चार-दोन ओळी असतात. त्या ही माहिती ठरलेल्या जागी ठेवतात आणि ट्रॅप नावाची एक खास सूचना चालवतात. ही सूचना आली की प्रोसेसर प्रोग्रॅमला थांबवून कर्नलच्या अवस्थेत जातो. कर्नल कॉलचा क्रमांक बघतो, तक्त्यात शोधतो आणि ते काम करतो. त्या जुन्या युनिक्समध्ये रीडचा क्रमांक ३ होता आणि राइटचा ४. लिनक्सच्या ३२-बिट इंटेल आवृत्तीतही तेच ३ आणि ४ आहेत! ६४-बिटमध्ये मात्र ते ० आणि १ झाले.

काम झालं की किती बाइट लिहिले तो आकडा परत येतो. काही बिघडलं असेल तर उणे १ येतो आणि कारणाचा क्रमांक एर्नो नावाच्या चलात ठेवलेला असतो. प्रिंटएफ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यातलं काहीच दिसत नाही. कर्नलशी बोलणं आणि स्वतःच्या प्रोग्रॅममधलं फंक्शन बोलावणं, दोन्ही एकाच पद्धतीने लिहिता येतं.

सगळीच फंक्शनं कर्नलकडे जातात असं मात्र समजू नका. अक्षरमालेची लांबी मोजणारं स्ट्रलेन कुठेच जात नाही, जागच्या जागी मोजतं. मेमरी मागणारं मॅलॉक कधी जातं, कधी नाही. ते एकदा मोठा तुकडा मागून आणतं आणि मग त्यातलाच थोडा थोडा वाटत राहतं. आणि एक सावधगिरीची गोष्ट. प्रोग्रॅम व्यवस्थित संपला तर लायब्ररी शेवटी बफर रिकामा करते. मध्येच कोसळला तर बफरमधला मजकूर तिथेच राहतो. म्हणून कधी कधी प्रिंटएफची ओळ पार पडलेली असते आणि फाइलमध्ये मात्र तिचा पत्ता नसतो. नवशिके मग चूक भलत्याच ओळीत शोधत बसतात.

ही वाचन-लेखनाची लायब्ररी एकट्या रिचींची नाही, हेही सांगायला हवं. बेल लॅब्समधल्याच माइक लेस्क यांनी वेगवेगळ्या संगणकांवर चालेल असा एक संच लिहिला होता. तोच सुधारून पुढे प्रमाण लायब्ररी बनली. तिचा फायदा असा की जिथे युनिक्स नाही अशा यंत्रावरही सीचा प्रोग्रॅम जाऊ शकत होता. प्रोग्रॅमला राइट माहीत नसलं तरी चालतं, प्रिंटएफ माहीत असलं की पुरे. खालचं बोलणं लायब्ररी त्या यंत्राच्या भाषेत करते. पुढे रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्सच इंटरडेटा नावाच्या पूर्णपणे निराळ्या संगणकावर नेऊन दाखवलं.

पुस्तक, पेटंट आणि मानसन्मान

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आलं. जेमतेम सव्वादोनशे पानांचं. त्याचं सातवं प्रकरण लायब्ररीवर आहे आणि आठवं युनिक्सच्या सिस्टिम कॉलवर. आठव्यात त्यांनी लायब्ररीतलं एफओपन हे फंक्शन ओपन, क्रिएट या कॉलांवर कसं उभं राहतं ते लिहूनच दाखवलं आहे. शिक्षक म्हणून मला हे फार आवडतं. आधी वस्तू वापरायला दिली आणि पुढच्याच प्रकरणात तिचं झाकण उघडून दाखवलं!

रिचींच्या नावावर एक पेटंटही आहे, १९७९ मध्ये मिळालेलं. पासवर्डच्या फाइलला कुणीही हात लावू नये, पण प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड मात्र बदलता यावा, हे कसं साधायचं? उत्तर असं की तो एक प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या अधिकाराने न चालता फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालेल. त्यासाठी त्यांनी फाइलवर एका बिटची खूण ठेवली. हे पेटंट पुढे सगळ्यांसाठी खुलं करण्यात आलं.

१९८३ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९८ सालचं अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते मिळालं आणि २०११ मध्ये जपान प्राइझ. रिची मात्र बेल लॅब्स सोडून कुठे गेले नाहीत. कंपनी खोलून श्रीमंत झाले नाहीत. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं, न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्स इथे एकटेच राहत.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी ते त्यांच्या घरी मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षं. तब्येत काही काळ बरी नव्हती. त्याच्या एकच आठवडा आधी, ५ ऑक्टोबरला, ॲपलचे स्टीव्ह जॉब्स गेले होते. जगभरच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं त्या बातमीने भरली होती. रिचींच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडी जागा आली. जॉब्स यांच्या आयफोनच्या आतही युनिक्सच्याच घराण्यातली सिस्टिम आहे आणि तिचा गाभा बराचसा सीमध्ये लिहिलेला आहे, हे त्या दिवसांत किती वाचकांना माहीत होतं?

करून पाहा

तुमच्या ताई-दादांकडे किंवा संगणक कक्षात लिनक्स असेल तर शिक्षकांच्या मदतीने हे करा. टर्मिनल उघडून मॅन, मग २, मग राइट असं इंग्रजी स्पेलिंगने लिहा. सिस्टिम कॉलचं पान उघडेल. मग मॅन, ३, प्रिंटएफ लिहा. लायब्ररीचं पान येईल. हे २ आणि ३ म्हणजे १९७१ च्या त्या पुस्तिकेतलेच विभाग बरं का.

त्यानंतर सीमध्ये मराठीत नमस्कार छापणारा आणि नवी ओळ देणारा छोटा प्रोग्रॅम लिहा आणि तो एस-ट्रेस या आज्ञेसोबत चालवा. प्रोग्रॅमने केलेले सगळे सिस्टिम कॉल एकाखाली एक दिसतील. त्या यादीत प्रिंटएफ कुठेही सापडणार नाही. शेवटाकडे राइट सापडेल, आणि त्याच्या कंसात नमस्कारऐवजी विचित्र आकडे असतील. घाबरू नका, ती आपली देवनागरीच आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ही पद्धतही १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी बेल लॅब्समध्येच तयार केली. आता नमस्कार शब्दातली चिन्हं मोजा : न, म, स, पाय मोडण्याची खूण, क, काना आणि र. झाली सात. सात त्रिक एकवीस, आणि नव्या ओळीचा एक बाइट. राइटच्या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे कर्नलने परत दिलेला आकडा बघा, तो २२ असेल.